मुतारीच्या भिंतीवरचा डॉक्टर

मंडळी, आजचा विषय फॅमिली ग्रुपवर टाकता येणार नाही, म्हणून इथं लिहितोय. कुणाला घाण वाटलं तर वाटू द्या.

कुठल्याही स्टँडची मुतारी बघा, पुलाचा खांब बघा. "शीघ्रपतन, नामर्दी, बालपणीच्या चुका, गॅरंटीने इलाज" आणि खाली मोबाईल नंबर. सोलापुरात तर मराठी, हिंदी, कन्नड, तेलुगू, कुठल्याही भाषेतल्या माणसाला लुटायची सोय आहे.

ही जाहिरात बेकायदेशीर आहे, हे किती जणांना माहितीय? १९५४ चा औषधे व चमत्कारी उपचार कायदा आहे. लैंगिक ताकद वाढवतो अशी औषधाची जाहिरात करायलाच त्यात बंदी आहे. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, परत केला तर वर्षापर्यंत. सत्तर वर्षं झाली कायद्याला. अहो, गुन्हेगार स्वतःचा नंबर भिंतीवर लिहून ठेवतोय! अन्न व औषध प्रशासनाला, पोलिसांना अजून काय पुरावा पाहिजे?

माझा एक मित्र, यंत्रमागावर कामाला. लग्नाला चार महिने झालेले. अशाच एका तंबूवाल्याकडं गेला. नाडी बघितली, "शंभर थेंब रक्ताचा एक थेंब होतो, तू सगळं घालवलंस" म्हणून घाबरवलं आणि भस्माच्या पुड्या दिल्या. तीन हप्त्यांत अठरा हजार गेले, बायकोची बोरमाळ गहाण. फरक शून्य. तक्रार कुणाकडं करणार? लाज वाटते ना! या लोकांचा धंदाच त्या लाजेवर चालतो. असल्या पुड्यांत कधी शिसं-पारा असतो, कधी गुपचूप मिसळलेली इंग्रजी गोळी.

आता खरं काय ते ऐका. रक्ताचं वीर्य होत नाही. हस्तमैथुनानं कमजोरी येत नाही. आणि 'लवकर' म्हणजे किती? २००५ मध्ये पाच देशांतल्या जोडप्यांना स्टॉपवॉच देऊन मोजलं, तेव्हा मध्यावरचा आकडा साडेपाच मिनिटांच्या आत आला. मोबाईलवर जे अर्धा तास चालतं ते शूटिंग असतं राव! पहिल्यापासून जवळपास दरवेळी मिनिटभराच्या आत होत असेल, थांबवता येत नसेल आणि त्याचा त्रास होत असेल, तर डॉक्टर त्याला शीघ्रपतन म्हणतात. आधी सगळं ठीक होतं आणि मग वेळ घटून तीनेक मिनिटांच्या आत आली, तरी दाखवावं. मागं कधी थायरॉईड, कधी प्रोस्टेटची सूज, कधी ताठरतेची अडचण आणि बऱ्याचदा नुसती धास्ती असते. एकदा झालं की पुढच्या वेळी भीती, भीतीनं अजून लवकर.

इलाज आहेत. थांबून-थांबून करायचा सराव तर १९५६ पासून वैद्यकात नोंदलेला आहे, त्याला पैसे लागत नाहीत, बायकोची साथ लागते. बधिर करणारं मलम आहे, गोळ्या आहेत; पण त्या डॉक्टरांना विचारून. मेडिकलवाल्याला खुणेनं मागून नव्हे, विशेषतः बीपी-हृदयाचा त्रास असेल तर.

आणि 'आपल्या संस्कृतीत हे बोलत नाहीत' म्हणणाऱ्यांनी र. धों. कर्वे आठवावेत. १९२७ पासून मरेपर्यंत 'समाजस्वास्थ्य' काढलं, वाचकांच्या असल्याच प्रश्नांना उत्तरं दिली. त्यावरून खटला झाला तेव्हा १९३४ मध्ये त्यांच्या बाजूनं कोर्टात उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. जयंतीला डीजे लावणाऱ्या किती मंडळांना हे ठाऊक आहे?

माझी मागणी सरळ आहे. महापालिकेनं असल्या जाहिराती पुसाव्यात, त्या नंबरांवर गुन्हे दाखल करावेत, आणि त्याच भिंतीवर सिव्हिलच्या ओपीडीची वेळ लिहावी.

तोपर्यंत, ज्याला गरज आहे त्यानं सिव्हिलला जाऊन केसपेपर काढा. खिडकीवर नुसतं 'त्वचारोग' किंवा 'मानसोपचार' म्हणा, मागं रांगेत कुणाला काही कळत नाही. बाकीचं आत डॉक्टरांना सांगा. जमलं तर बायकोला सोबत न्या.