‘करला’ नाही, ‘केला’

“मी किल्ला करला,” असे चार वर्षांचे मूल अभिमानाने सांगते आणि आपण तत्परतेने म्हणतो, “करला नाही, केला.” संवाद तिथेच संपतो, किल्ला कुणी पाहतच नाही. वास्तविक हे रूप त्याने बहुधा कुणाकडून ऐकलेले नसते. ‘भरला’, ‘धरला’ यांवरून नियम हेरून त्याने ते स्वतः घडवलेले असते. कोर्नेई चुकोव्स्की या रशियन बालसाहित्यकाराने मुलांची अशीच वाक्ये वर्षानुवर्षे टिपली आणि १९२८ मध्ये त्यांवर पुस्तक काढले. आपण भाषेचे अध्यापक मात्र या चिमुकल्या वैयाकरणाला गप्प करतो! “अरे वा, कुठे केलास?” एवढे विचारले तरी रूढ रूप त्याच्या कानी पडते. मग उत्तर जुळवायला त्याला वेळ लागतो. आणि नेमका तेवढा धीर, कवितेतल्या मौनावर तासभर बोलणाऱ्या आमच्यापाशी नसतो.