पाल्मिराची पानं

परवा रॉबर्ट वुडचं 'द रुइन्स ऑफ पाल्मिरा' नेटवर चाळत बसले होते. १७५३ साली लंडनला छापलेलं, ५७ कोरीव चित्रपानं. वुड आणि डॉकिन्स १७५१ मध्ये सीरियाच्या वाळवंटात गेले ते बोर्रा नावाचा इटालियन चित्रकार सोबत घेऊन. नुसती देखणी दृश्यं नाही काढली, मापंही घेतली! बेलच्या देवळातल्या छताची नक्षी तर इतकी नेमकी उतरवली, की पुढे रॉबर्ट अ‍ॅडमने ती लंडनच्या ऑस्टर्ली पार्कमध्ये चक्क दिवाणखान्याच्या छताला वापरली.

२०१५ च्या ऑगस्टमध्ये आयसिसने ते देऊळ सुरुंग लावून उडवलं. गाभाऱ्याच्या दाराची चौकट तेवढी उभी राहिली.

म्हणूनच अशी पुस्तकं उसवून एकेक पान फ्रेममध्ये विकणाऱ्यांचा मला संताप येतो. (मोह मलाही होतो, खोटं कशाला बोलू?) भिंतीवर लागतात ती खांबांची, आभाळाची चित्रं. मापांची रुक्ष पानं कोण टांगणार? आणि आता देऊळ नसताना त्याचा हिशेब सांगतात ती नेमकी तीच पानं..