रूम फुल्ल, पण कोणासाठी?

स्पष्टच बोलतो. बायको पुण्याची, नवरा घानाचा, सोबत दोन पोरं. अशा घरांना सुट्टीत कुठे जायचं ठरवताना समुद्राच्या आधी लॉजवाला कसा आहे, ते विचारावं लागतं. मुरुडला फोनवर रूम असते. नवरा समोर दिसला की 'फुल्ल'! कारण काय, तर फॉरेनर म्हणजे पोलिसांचं लफडं. (सगळेच असे नाहीत, माहितीये.) अहो, लफडं कसलं? पाहुण्याची माहिती २४ तासांत ऑनलाइन भरायची, बास. गोरा आला की हौसेनं भरताच की, वर सेल्फी! आणि ज्या जंजिऱ्यावर तुमचा धंदा चालतो, तो राखणाऱ्या सिद्दींचे पूर्वज आले कुठून? आफ्रिकेतूनच ना? मग बोर्डावरच लिहा, कोण चालतं ते. त्यांचा पेट्रोलचा खर्च तरी वाचेल.