डील चांगलं होतं, पण सही कोणाची?

हार्दिक पंड्या गुजरातकडून पुन्हा मुंबईकडे आला, तेव्हा या ट्रेडमध्ये कोण फायद्यात यावरून आपण कट्ट्यावर कितीतरी वाद घातले. उत्तर अमेरिकेतल्या एनएचएल या आइस हॉकी लीगमध्ये मात्र वाद आहे तो एका न झालेल्या ट्रेडचा.

मार्च २०२५. ट्रेडची मुदत संपत आली होती. टोरांटो मेपल लीफ्सने मिच मार्नर द्यायचा आणि कॅरोलिना हरिकेन्सकडून मिको रांतानेन घ्यायचा, असा प्रस्ताव चर्चेत आल्याच्या बातम्या होत्या. दोघेही स्टार विंगर, दोघांचेही करार त्याच उन्हाळ्यात संपणार.

टोरांटोच्या बाजूने हिशेब मांडू. मार्नरने त्या सीझनमध्ये १०२ पॉइंट्स केले, म्हणजे नियमित सामन्यांत तो हुकमी एक्का. पण टोरांटोचं दुखणं प्लेऑफ्सचं आहे. १९६७ नंतर त्यांनी स्टॅनली कप जिंकलेला नाही. रांतानेनने २०२२ मध्ये कोलोरॅडोकडून तो जिंकलाय. उन्हाळ्यात तोही सोडून गेला असता तर? शक्य होतं. पण तो धोका मार्नरच्या बाबतीतही होताच. म्हणजे धोका तेवढाच आणि प्लेऑफ्ससाठी माणूस जास्त भरवशाचा. कागदावर तरी डील घेण्यासारखं होतं.

अडलं कुठे? मार्नरच्या करारात ‘नो मूव्ह’ कलम होतं. त्याच्या संमतीशिवाय क्लब त्याला कुठेही पाठवू शकत नव्हता. त्याने नकार दिला. तो त्याचा हक्कच होता.

पुढे रांतानेन डॅलसला गेला आणि पहिल्याच फेरीच्या सातव्या सामन्यात, आपल्याच जुन्या कोलोरॅडोविरुद्ध, त्याने हॅटट्रिक ठोकली. टोरांटो दुसऱ्या फेरीत घरच्या मैदानावर फ्लोरिडाकडून १-६ असं हरलं. उन्हाळ्यात मार्नर वेगासला गेला. बदल्यात टोरांटोला मिळाला फक्त निकोला रॉय.

रांतानेन टोरांटोत टिकला असता का, ही शंका रास्त आहे. डॅलसने त्याला वर्षाला १.२ कोटी डॉलर्स दिले, आणि टेक्सासमध्ये राज्याचा आयकर नाही. तेवढेच पैसे हातात पडावेत म्हणून टोरांटोला बरंच जास्त मोजावं लागलं असतं.

पण माझ्या मते खरी चूक मार्च २०२५ ची नाहीच. करार २०१९ चा, आणि ते कलम लागू झालं १ जुलै २०२३ ला. त्याआधी दीड-दोन महिनेच टोरांटो फ्लोरिडाकडून हरून बाहेर पडलं होतं. मार्नरला न विचारता ट्रेड करायची ती शेवटची संधी. क्लबने ती जाऊ दिली. त्यानंतर डील कितीही भारी असो, निर्णय त्यांच्या हातात उरलाच नव्हता.