निरोपाची रात्र आणि भाड्याच्या गाडीचा चालक

दहावी-बारावीच्या परीक्षा जवळ आल्या की शाळाशाळांतून निरोप समारंभाची लगबग सुरू होते. एकेकाळी हा समारंभ शाळेच्या सभागृहातच होत असे. प्रार्थना, मुख्याध्यापकांचे मनोगत, सामोसा आणि वेफर्सची पुडी, समूह छायाचित्र, आणि दिवेलागणीपूर्वी मुले घरी. मुंबई-ठाण्याकडील इंग्रजी माध्यमाच्या अनेक शाळांत आता त्याचे रूप पालटले आहे. अमेरिकेतील ‘प्रॉम’ची छाया त्यावर स्पष्ट दिसते. सूट, गाऊन, डीजे, आणि दाराशी येऊन उभी राहणारी चालकासह भाड्याची गाडी. शाळेचा अधिकृत कार्यक्रम आटोपल्यावर मुलांचा स्वतःचा कार्यक्रम सुरू होतो आणि त्यासाठी पुष्कळदा ठिकाण निवडले जाते ते आपले कर्जत किंवा खालापूर. फार्महाऊसची येथे वाण नाही, मुंबईही जवळ.

या हौसेकडे पाहून नाक मुरडावे असे मला वाटत नाही. शाळासोबत्यांचा निरोप घेताना मुलांनी नटावे, नाचावे, यात वावगे काही नाही. चालकासह गाडी घेण्याच्या प्रथेमागेही एक शहाणपण आहे. प्रॉमच्या रात्री कोवळ्या वयाच्या मुलांनी, त्यातही मद्याच्या अमलाखाली, गाडी हाकू नये म्हणून अमेरिकेतील पालक भाड्याची लिमोझिन पसंत करू लागले. मुलाच्या हाती किल्ली देण्यापेक्षा गाडी जाणत्या माणसाच्या हाती सोपविणे केव्हाही बरे. प्रश्न पुढचा आहे. त्या जाणत्या माणसाविषयी आपण काय जाणतो?

पुण्याच्या कल्याणीनगरमध्ये १९ मे २०२४ च्या पहाटे जे घडले ते वाचकांच्या स्मरणात असेल. बारावीच्या निकालाचा आनंद साजरा करून परतणाऱ्या एका १७ वर्षांच्या मुलाच्या भरधाव मोटारीने दुचाकीवरील दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला. बाल न्याय मंडळाने त्याला जामीन देताना ३०० शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घातली आणि देशभर संताप उसळला. त्या गदारोळात एका व्यक्तीकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. ती व्यक्ती म्हणजे त्या कुटुंबाचा पगारी चालक. गाडी मीच चालवीत होतो असे त्याने सांगावे म्हणून त्याला डांबून ठेवून दबाव आणल्याचा गुन्हा पोलिसांनी मुलाच्या वडिलांवर आणि आजोबांवर नोंदविला. आरोपाची शहानिशा न्यायालय करील. पण असा आरोप होऊ शकतो यातूनच आपल्या समाजात चालकाचे स्थान काय, हे कळते. तो गाडीबरोबर येतो आणि गाडीसारखाच वापरला जातो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यानुसार अल्पवयीन मुलाच्या गुन्ह्यासाठी पालकाला किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. त्या भीतीने अनेक पालक आता चालक ठेवू लागले आहेत. भीतीपोटी ठेवलेल्या माणसाला आदर मिळतोच असे नाही.

खालापूर तालुक्याला तर या विषयाची जखम फार जवळची आहे. ११ डिसेंबर २०२२ रोजी, रविवारी, चेंबूरच्या एका खाजगी शिकवणी वर्गातील दहावीची मुले लोणावळ्याची सहल आटोपून भाड्याच्या बसने परतत होती. संध्याकाळी जुन्या मुंबई-पुणे महामार्गावर बोरघाट उतरताना बस उलटली. दोन विद्यार्थी दगावले आणि अनेक जखमी झाले. त्यानंतर चार महिन्यांनी, १५ एप्रिल २०२३ च्या पहाटे, गोरेगावच्या एका वादक पथकाची खाजगी बस पुण्याचा डॉ. आंबेडकर जयंतीचा कार्यक्रम करून परतताना याच घाटात दरीत कोसळली. तेरा जणांचा मृत्यू झाला. त्यांत किशोरवयीन मुले होती.

या दोन अपघातांची तांत्रिक कारणे काय, याचा निवाडा करण्याचा अधिकार मला नाही. मात्र दोन्ही घटनांतील वेळ आणि ठिकाण विचार करायला लावतात. उत्सव संपलेला आहे, प्रवासी दमून झोपलेले किंवा गाण्यात रंगलेले आहेत, गाडी उतारावर आहे, आणि जागे राहणे ज्याला भाग आहे असा माणूस गाडीत एकच आहे. मध्यरात्रीनंतर दोनपासून पहाटे सहापर्यंत मानवी शरीर झोपेकडे सर्वाधिक ओढले जाते, हे वैद्यकशास्त्र सांगते. घाट उतरताना सतत ब्रेक दाबून ते तापतात, डिझेल वाचविण्यासाठी न्यूट्रलवर गाडी सोडण्याची खोड घातक ठरते. गाडी गिअरमध्ये ठेवून उतरायला सावध मन लागते, आणि सावध मनाला आधी झोप लागते.

मग चालक झोपत का नाही? उत्तर बिलात आहे. बाहेरगावच्या भाड्याचा हिशेब सामान्यतः दिवसावर असतो. दिवसाला किमान ठराविक किलोमीटर, त्यावर टोल, पार्किंग आणि ड्रायव्हर भत्ता. हा दिवस बहुतेक ठिकाणी मध्यरात्री संपतो. बारा वाजून गेले की दुसऱ्या दिवसाचे भाडे लागू होते. साहजिकच वर्गणी काढून आलेली मुले आणि हिशेबी पालक म्हणतात, रात्रीच परत फिरू. गाडीमालकालाही ते सोयीचे असते, कारण सकाळी तीच गाडी दुसऱ्या भाड्यावर पाठवायची असते. सकाळी शाळा किंवा कंपनीची फेरी केलेला माणूस दुपारी मुलांना घेऊन कर्जतला येतो, संध्याकाळभर अंगणात गाडीत बसून राहतो आणि रात्री परत निघतो. त्याच्या त्या बसून राहण्याला आपण विश्रांती समजतो. शेजारी डीजे दणदणत असताना, सीट मागे रेलून, डासांत काढलेले चार तास म्हणजे झोप नव्हे. जेवणाचेही तसेच. मुलांच्या पंगती उठल्यावर उरलेले एखाद्या ताटात घालून बाहेर पाठविले जाते. काही ठिकाणी तेही कोणाच्या ध्यानात राहत नाही.

कायद्याने याचा विचार केलेलाच नाही असे नाही. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने चालकाला दिवसाला आठ तास आणि लांब पल्ल्यासाठी फार तर दहा तास अशी मर्यादा घातली होती. हा कायदा पाच किंवा अधिक कामगार असलेल्या वाहतूक व्यवसायाला लागू होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेने घेतली. आठ तासांचे तत्त्व तिच्यातही आहे, परंतु पाचाचा आकडा दहावर गेला आहे. ज्याच्याकडे दोन टेम्पो ट्रॅव्हलर आणि तीन चालक आहेत असा छोटा मालक पूर्वीही या चौकटीबाहेर होता. सहा-सात माणसांचा मालकही आता तिच्याबाहेर गेला. आपल्या सहलींना गाड्या पुरविणारे बहुतेक जण याच वर्गातले. शाळेच्या रोजच्या बससाठी २०११ ची स्वतंत्र राज्य नियमावली आहे. त्याच मुलांना एका रात्रीसाठी नेणाऱ्या भाड्याच्या गाडीबाबत मात्र सारे काही पालकांच्या विवेकावर सोडलेले असते.

कर्जत स्थानकात उभे राहून याउलट चित्र पाहता येते. पुण्याकडे जाणाऱ्या गाडीला घाट चढण्यासाठी मागून जादा इंजिने जोडली जातात, उतरणाऱ्या गाडीला वाटेत थांबवून ब्रेकची खात्री करून घेतली जाते. चालकाच्या कामाचे तास नोंदलेले असतात आणि त्याच्या विश्रांतीसाठी रनिंग रूम असते. १८६३ पासून रेल्वे या घाटातून धावते आहे. घाटात एकट्या माणसाच्या हिमतीवर विसंबायचे नसते, हे रेल्वेने ओळखले. शेजारच्या रस्त्यावर आपण नेमके तेच करतो.

ख्रिस्तसभेने या विषयावर मौन बाळगलेले नाही. परमगुरू तेरावे लिओ यांनी १८९१ च्या ‘रेरुम नोवारुम’ या परिपत्रकात कामाचे स्वरूप पाहून कामगाराला पुरेशी विश्रांती मिळाली पाहिजे, असे निःसंदिग्धपणे मांडले. २००७ साली व्हॅटिकनने रस्त्यावरील मेषपालकीय सेवेसाठी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांतील वाहनचालकांसाठीच्या दहा आज्ञा तेव्हा वृत्तपत्रांत कौतुकाने, थोड्या थट्टेनेही, छापून आल्या. पहिली आज्ञा सिनाय पर्वतावरचीच होती, खून न करण्याची. ती आपण चालकाला उद्देशून वाचतो. दमलेल्या माणसाला घाटात गाडी काढायला लावणारा पालकही तिच्या कक्षेत येतो की नाही, याचा विचार व्हावा. शेतात राबलेल्यांची अडवून ठेवलेली मजुरी देवाकडे ओरड करते, असे संत याकोब आपल्या पत्रात बजावतात. अडवून ठेवलेल्या झोपेचा हिशेब त्याहून वेगळा नसावा.

आपल्या कित्येक गाड्यांत डॅशबोर्डवर संत ख्रिस्तोफरचे पदक असते. परंपरेतील कथा अशी की, प्रवाशांना खांद्यावरून नदीपार नेणाऱ्या या धिप्पाड माणसाने एका रात्री एका बालकाला उचलले आणि मध्यप्रवाहात ते ओझे इतके वाढले की त्याची शक्ती संपत आली. ते बालक प्रभू येशू होता. आपण या कथेत बालकाकडे पाहतो. वाहून नेणारा थकला होता, हेही कथा सांगते.

हा प्रश्न केवळ शहरी प्रॉमचा नाही. दृढीकरण वर्गाची सहल, तरुण मंडळाची तीर्थयात्रा, वेदीसेवकांची पिकनिक यांसाठीही आपले धर्मग्राम अशाच गाड्या ठरवितात, आणि पालकसभेत चर्चा होते ती भाडे, एसी आणि म्युझिक सिस्टिमची. गाडीची पाटी पिवळी आहे का, हे विचारण्यास संकोच कशाला? पांढऱ्या पाटीच्या खाजगी गाडीतून भाड्याने नेलेल्या मुलांचा अपघात झाल्यास विमा कंपनी हात वर करू शकते. योग्यता प्रमाणपत्र आणि विम्याची मुदत एम-परिवहन अ‍ॅपवर गाडीच्या क्रमांकावरून पाहता येते. शाळेची सहल असेल तर एसटी भाड्यात निम्मी सवलत देते. चालक आदल्या रात्री कोठे होता, हे मालकाला थेट विचारावे. रात्री परतणे अटळ असेल तर दुसऱ्या चालकाचे पैसे वर्गणीतच धरावेत, नाहीतर दुसऱ्या दिवसाचे भाडे मोजून सकाळी निघावे. फार्महाऊस ठरवितानाच चालकासाठी दाराला कडी असलेली खोली आणि मुलांबरोबरच जेवण मागून घ्यावे.

शिवाय कर्जत, नेरळ आणि खोपोली ही तिन्ही गावे लोकलच्या मार्गावर आहेत. मुलांनी लोकलने यावे, स्थानकापासून पुढच्या आठ-दहा किलोमीटरसाठी इथल्याच गाड्या घ्याव्यात. माथेरानच्या दस्तुरी नाक्यापर्यंत दिवसभर खेपा करणाऱ्या नेरळच्या टॅक्सीवाल्यांना इथली वळणे तोंडपाठ आहेत, आणि रात्री त्यांचे घर जवळ असते.