केस सरळ, हिशेब वाकडा

गेल्या महिन्यात आपल्या पक्षाच्या तालुका अभ्यासवर्गात महागाई, कांद्याचा भाव आणि कंत्राटी कामगार या तीन विषयांवर चर्चा झाल्यानंतर मी एक चौथा विषय मांडला. गावोगाव निघालेल्या ब्युटी पार्लरांतून मुलींचे कुरळे केस रसायनांनी सरळ केले जातात. त्यात पैसा कोणाचा जातो, प्रकृती कोणाची बिघडते आणि नफा कोणाच्या पदरी पडतो, याचा पक्षाने विचार करावा, एवढेच माझे म्हणणे होते. वर्गात हशा पिकला. एक तरुण साथी म्हणाले, "बाई, आता केसांचेही राजकारण करायचे का?" प्रश्न थट्टेने विचारला गेला असला तरी त्याचे उत्तर गांभीर्याने आणि छापील स्वरूपात दिलेले बरे.

महाराष्ट्रात केसांचे राजकारण आजचे नाही. १८९० च्या सुमारास मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिकांनी विधवांच्या डोक्यावर वस्तरा न चालवण्याचा निर्धार केला, हे आपण प्रत्येक व्याख्यानात अभिमानाने सांगतो. ज्यांच्या हातात वस्तरा होता त्या श्रमिकांनीच तो खाली ठेवला, हे त्या घटनेचे खरे महत्त्व. आपल्याच पुणे जिल्ह्यात अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या नंदिनी जाधव, ज्या स्वतः पार्लर चालवत असत, देवीच्या नावाने वाढलेल्या जटा कापून कितीतरी स्त्रियांना मोकळे करत आल्या आहेत. केशवपन धर्माच्या नावाने झाले, जट देवीच्या नावाने वाढली आणि आज बाजाराच्या नावाने केस ताणले जात आहेत. पहिल्या दोन गोष्टी राजकारण आणि तिसरी तेवढी नट्टापट्टा, ही वाटणी आपण कोणत्या तर्काने केली?

निवृत्तीनंतर मी पिंपळवंडीस राहते. पुणे-नाशिक महामार्ग जवळ, नारायणगावचा टोमॅटो बाजार हाकेच्या अंतरावर, आणि बायकांच्या हाताला काम असते ते प्रामुख्याने तोडणीचे, निवडणीचे, खुरपणीचे. माझ्या शेजारच्या एका शेतमजूर कुटुंबातील वीस वर्षांच्या मुलीचे केस दाट आणि कुरळे. शाळेत तिला 'मॅगी' म्हणत, घरी 'झिपरी'. दोन स्थळांकडून पाहुणे येऊन पाहून गेले आणि होकार आला नाही. तिसरे पाहुणे येण्यापूर्वी आईने साडेतीन हजार रुपये भरून तिचे केस एका पार्लरमध्ये सरळ करून घेतले. त्या माउलीला तोडणीची मजुरी दिवसाला साडेतीनशे रुपये मिळते. म्हणजे लेकीचे केस सरळ व्हावेत म्हणून आईने दहा दिवस पाठ वाकवली. तीन आठवड्यांत मुलीच्या टाळूवर खपल्या धरल्या आणि केस मुळापासून बोटभर अंतरावर तुटू लागले. मी आईला विचारले तेव्हा ती म्हणाली, "बाई, मला काय कळत नाही का? पण केसावरनं पोरीला नको म्हणाया नको, एवढंच."

मी त्या पार्लरमध्येही जाऊन आले. रसायन लावणारी मुलगी जेमतेम एकोणीस वर्षांची. डोळे लाल, घशात सतत खवखव. खोलीला खिडकी एकच, आणि तीही वातानुकूलनासाठी बंद. बाटलीवर काय लिहिले आहे असे विचारले तर तिने सांगितले, माल मोठ्या कॅनमधून सुटा येतो, बाटली आपण भरतो. या दोन मुली, एक खुर्चीत बसलेली आणि एक तिच्या मागे उभी, माझ्या या लेखाचा विषय आहेत.

या प्रश्नावर दोन उत्तरे तयार असतात आणि दोन्ही सोयीची आहेत. पहिले आपल्या जुन्या कार्यकर्त्यांचे : "मुलींना साधेपणा शिकवा." साधेपणाचा उपदेश नेहमी मुलींनाच का? त्या तिसऱ्या स्थळाकडील पाहुण्यांत एखादा पुरोगामी शिक्षक नव्हता, आपल्या मोर्चात घोषणा देणारा एखादा तरुण नव्हता, असे छातीवर हात ठेवून कोण सांगेल? लग्नाच्या बाजारात मुलीची पारख करणारे ते, आणि पारखीला उतरण्यासाठी धडपडणारी ती. दोष मात्र तिचा! दुसरे उत्तर नव्या अर्थतज्ज्ञांचे : "ही तिची निवड आहे, ग्राहक सार्वभौम आहे." मी तीस वर्षे वर्गात हेच शिकवले, म्हणून त्यातील पोकळी मला ठाऊक आहे. पाठ्यपुस्तकात ग्राहकाची पसंती गृहीत धरलेली असते. ती कोठून आली, हे विचारायचे नसते. जॉन केनेथ गालब्रेथ यांनी १९५८ सालीच दाखवून दिले होते की, गरज भागवणारी उत्पादनव्यवस्थाच ती गरज निर्माणही करते. जिला नकाराची भीती घालून दुकानात ढकलले आहे, तिने दुकानातील तीन बाटल्यांपैकी एक उचलली, तर त्याला स्वातंत्र्य म्हणत नाहीत.

मग ही पसंती आली कोठून? सौंदर्याच्या कल्पनेमागे सत्ता असते, ही गोष्ट समाजवाद्यांना नवी नसावी. डॉ. राममनोहर लोहियांनी त्वचेच्या रंगाविषयी लिहिताना हेच मांडले होते : गोऱ्या युरोपने जगावर राज्य केले म्हणून गोरेपण सुंदर ठरले, आफ्रिकेने राज्य केले असते तर निकष उलटा असता. रंगाला जे लागू तेच केसांना. वसाहतकालीन मानववंशशास्त्राने केसांच्या वळणावरून माणसांच्या प्रती लावल्या, आणि त्या उतरंडीत कुरळा केस खाली गेला. आपल्या जुन्या काव्यात मात्र कुरळ्या बटा हे रूपाचे लेणे होते. 'अलक' हा शब्दच त्यासाठी घडलेला. आज जाहिरातीतील प्रत्येक स्त्रीचे केस पट्टी लावून आखल्यासारखे सरळ दिसतात, आणि 'आधी' व 'नंतर' अशा दोन चित्रांत कुरळा केस नेहमी 'आधी'च्या चौकटीत, अपराध्यासारखा.

अमेरिकेतील काळ्या लोकांनी या अपमानाची किंमत आपल्यापूर्वी मोजली आहे. तरुणपणी माल्कम एक्स यांनी दाहक अल्कलीने आपले केस सरळ करून घेतले होते. पुढे आत्मचरित्रात त्यांनी त्या प्रसंगाकडे स्वतःच्या अधोगतीचे पाऊल म्हणून पाहिले. साठच्या दशकात तेथील तरुण-तरुणींनी केस आहेत तसे वाढवले आणि तो राजकीय बाणा झाला. २०१९ साली कॅलिफोर्निया राज्याने नैसर्गिक केसांवरून नोकरीत व शाळेत भेदभाव करण्यास कायद्याने बंदी घातली. १९७२ साली मुंबईत दलित पँथर स्थापन झाली तेव्हा आपण तेथून नाव घेतले, लढाऊपणा घेतला. केसांचा हा धडा मात्र तेथेच राहिला.

आता बाटलीत काय असते ते पाहू. केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा असतो आणि त्याचे वळण टिकवण्यात गंधकाच्या बंधांचा मोठा वाटा असतो. 'रिबॉन्डिंग'मध्ये अमोनियम थायोग्लायकोलेटसारख्या द्रव्याने हे बंध तोडतात, तापलेल्या पट्टीने केस ताणतात आणि हायड्रोजन पेरॉक्साइडने नव्या ठेवणीत ते पुन्हा जोडतात. जोडणी पहिल्याइतकी मजबूत कधीच होत नाही. 'केराटिन' या गोंडस नावाने होणाऱ्या अनेक प्रक्रियांत तर फॉर्माल्डिहाइड हा वायू सुटतो. प्रेते टिकवण्याचे फॉर्मलिन म्हणजे याच वायूचे पाण्यातील द्रावण. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली त्याला मानवात कर्करोग घडवणाऱ्या द्रव्यांच्या पहिल्या गटात घातले. २०११ साली अमेरिकेच्या कामगार सुरक्षा खात्याने पार्लरांना इशारा दिला, तेव्हा 'फॉर्माल्डिहाइडमुक्त' असे छापलेल्या मालातही हे द्रव्य सापडले होते.

२०२२ साली अमेरिकेतील ३३,४९७ स्त्रियांच्या सुमारे अकरा वर्षांच्या पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. केस सरळ करणारी रसायने कधीच न वापरणाऱ्या स्त्रियांत सत्तराव्या वर्षापर्यंत गर्भाशयाचा कर्करोग होण्याचे प्रमाण १.६४ टक्के, तर वर्षात चारपेक्षा अधिक वेळा वापरणाऱ्यांत ४.०५ टक्के असल्याचा अंदाज त्यात निघाला. अशा पाहणीने कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, हे मी जाणते. परंतु सावध होण्यासाठी एवढे पुरेसे आहे. फॉर्माल्डिहाइडविरुद्ध ओरड झाली तेव्हा उद्योगाने ग्लायऑक्सिलिक आम्ल पुढे केले. २०२४ साली ट्युनिसमधील एका तरुणीची हकीकत वैद्यकीय नियतकालिकात आली : तीन वेळा केस सरळ केले, आणि तिन्ही वेळा मूत्रपिंडे निकामी होण्याच्या बेतास आली. हे आम्ल टाळूतून अंगात जाऊन त्याचे ऑक्झलेट होते आणि त्याचे खडे मूत्रपिंडात साचतात, असे संशोधकांनी प्राण्यांवरील प्रयोगांतूनही दाखवले. एक विष गेले, दुसरे आले. जाहिरात तीच राहिली.

यातील अर्थशास्त्रही ध्यानात घ्यावे. डोक्याबाहेरचा केस निर्जीव असतो, पण मूळ जिवंत असते, आणि ते महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर नवा केस देते, तोही कुरळाच! म्हणजे सहा महिन्यांत गिऱ्हाईक पुन्हा दारात. जी गरज कधीच भागत नाही, तिच्यापेक्षा भांडवलाला अधिक प्रिय काय असणार? मजुरी वाढत नाही, पण खर्चाचा एक नवा कायमचा हप्ता मात्र गरिबाच्या घरात शिरतो.

आणि सरकार? १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आहे, २०२० चे सौंदर्यप्रसाधने नियम आहेत. पण सुट्या कॅनपर्यंत त्यांचा हात पोहोचत नाही. अकोल्यात एकाच कुटुंबातील तीन स्त्रियांची मूत्रपिंडे बिघडली, तेव्हा गोरे करणाऱ्या क्रीममध्ये पारा असल्याचे शोधून काढले ते मुंबईच्या केईएम या सार्वजनिक रुग्णालयाने. २०२३ साली ही बातमी बाहेर आली. दुखणे झाल्यावर शोध लागला, विक्रीपूर्वी नव्हे. त्या एकोणीस वर्षांच्या कामगार मुलीचे तर अस्तित्वच कायद्याला मान्य नाही. २०१७ च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्याने दहापेक्षा कमी कामगारांची दुकाने बहुतेक तरतुदींतून वगळली, आणि २०२५ साली राज्य मंत्रिमंडळाने ही मर्यादा वीसवर नेण्याचे ठरवले. वीस कामगारांचे पार्लर आपल्या तालुक्यात कोणी पाहिले आहे काय?

तोवर मुलींना काय सांगायचे? उपदेश नको, माहिती द्या. कुरळा केस कोरडा पडतो, कारण टाळूचे तेल त्याच्या वळणांतून टोकापर्यंत उतरत नाही; तो रोगट नसतो. तो कोरडा असताना बारीक फणीने ओढू नये; ओला असताना मोठ्या दातांच्या कंगव्याने टोकाकडून वर सोडवत यावे, आणि पंचाने घासू नये. धुण्यापूर्वी लावलेले खोबरेल केसातील प्रथिनांची झीज कमी करते, असे २००३ सालच्या एका संशोधनात आढळले. ते तेल विकणाऱ्या मुंबईतील कंपनीच्याच प्रयोगशाळेतील होते, हेही सांगून टाकावे. एवढे ऐकूनही जिला केस सरळ करायचे असतील तिला हिणवू नका. तिला सांगा : टाळूवर जखम असताना, गरोदरपणी किंवा अंगावर पाजत असताना करू नये, आधी एका बटेवर आणि कानामागे थोडे लावून दोन दिवस पाहावे, रसायन टाळूला लागू देऊ नये, पूर्वी सरळ केलेल्या भागावर ते पुन्हा चढवू नये, खिडक्या उघडायला लावाव्यात, सीलबंद बाटली आणि तिच्यावरील घटक पाहिल्याशिवाय खुर्चीत बसू नये. त्यानंतर उलट्या झाल्या, पोट किंवा कंबर दुखली, लघवी कमी झाली, तर डॉक्टरांना केसांचे सांगण्यास लाजू नये.

पक्षाने करावयाच्या गोष्टीही अवघड नाहीत. अन्न व औषध प्रशासनाने तालुक्यातील पार्लरांतून सुट्या मालाचे नमुने घ्यावेत, यासाठी जुन्नर आणि आंबेगाव या दोन्ही तहसील कचेऱ्यांवर निवेदने द्यावीत. फॉर्माल्डिहाइड सोडणाऱ्या व ग्लायऑक्सिलिक आम्ल असलेल्या केस सरळ करण्याच्या मालावर बंदी, घटकांची यादी ठळक मराठीत, आणि पार्लरमध्ये हवा खेळती ठेवण्याची सक्ती, या मागण्या आमदारांमार्फत विधिमंडळात न्याव्यात. पार्लरमध्ये राबणाऱ्या मुलींची संघटना बांधावी. वस्तरा खाली ठेवणाऱ्यांचा वारसा त्यांचाही आहे. आणि पक्षाच्या प्रत्येक अविवाहित कार्यकर्त्याने मुलगी पाहायला जाण्याची चालच मोडावी. या शेवटच्या मागणीला ना निवेदन लागते ना मंत्री.

त्या मुलीचे तिसरे स्थळही जमले नाही, हुंड्यावरून फिसकटले. तुटलेल्या केसांखालून तिचे नवे केस आता वर येत आहेत, पूर्वीइतकेच कुरळे. पुढच्या अभ्यासवर्गास मी तिला आणि तिच्या आईला घेऊन येणार आहे. ज्यांना हसायचे असेल त्यांनी त्यांच्यासमोर हसावे.