विमा आहे, तयारी हवी

मानसिक आजारांच्या उपचारांनाही शारीरिक आजारांप्रमाणेच विमा संरक्षण द्यावे, असे बंधन मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ ने विमा कंपन्यांवर घातले. २०१८ मध्ये सुरू झालेल्या आयुष्मान भारत योजनेने पात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे रुग्णालयीन संरक्षण दिले आणि २०२४ मध्ये सत्तरी गाठलेल्या सर्वांना त्यात सामावून घेतले. मात्र ही योजना मुख्यतः दाखल रुग्णासाठी असून रुग्णाला घरी सोडल्यानंतर औषधांचा खर्च ती १५ दिवसांपर्यंतच उचलते, तर स्किझोफ्रेनियासारख्या आजारात गोळ्या वर्षानुवर्षे घ्याव्या लागतात. मध्य प्रदेशातील पांढुर्णा जिल्ह्यातल्या सावरगावच्या रुग्णाला राज्याबाहेर, नागपूरला उपचार घ्यायचे झाल्यास 'पोर्टेबिलिटी', म्हणजे एका राज्याचे कार्ड दुसऱ्या राज्यातील योजनासंलग्न रुग्णालयात वापरण्याची सोय, उपयोगी पडते. परंतु ओळख पडताळणी, पूर्वपरवानगी आणि निदानाची नोंद यांपैकी एक कागद अपुरा राहिला, तरी दावा अडकू शकतो.

म्हणून २०२३ मध्ये स्थापन झालेल्या पांढुर्णा जिल्ह्यात प्रशासनाने मनोविकारतज्ज्ञ, समुपदेशक, परिचारिका आणि आशा कार्यकर्त्या यांना योजनेच्या नियमबदलांचे प्रशिक्षण नियमितपणे द्यावे, पांढुर्णा आणि सौंसर येथील शासकीय रुग्णालयांत मराठी व हिंदीतून मदत करणारा कक्ष उघडावा आणि नियमित गोळ्या मोफत मिळतील याची हमी द्यावी. दूरध्वनीवरून समुपदेशन देणारी 'टेलि-मानस' सेवा (१४४१६) या उपायांना पूरक ठरेल, पर्याय नव्हे.